निबंध कसा लिहावा, कसा शिकवावा

दहावीच्या मराठी प्रथम भाषेच्या प्रश्नपत्रिकेत प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक लेखन यांपैकी एक प्रकार निवडून विद्यार्थ्याला निबंध लिहावयाचा असतो. त्यासाठी आठ गुण ठेवलेले आहेत. ऐंशी गुणांच्या लेखी परीक्षेत आठ गुणांचे मोल फार नव्हे, आणि म्हणूनच की काय, वर्षभराच्या वेळापत्रकात निबंधाच्या वाट्याला येणारे तास थोडेच असतात. व्याकरणाला नियम असतात, धड्याला स्वाध्याय असतो. निबंधाला मात्र बहुधा बाजारात मिळणाऱ्या मार्गदर्शकाचाच आधार घेतला जातो.

वास्तविक पाहता, दुसऱ्याच्या मजकुराचा टेकू न घेता आपले म्हणणे आरंभापासून अखेरपर्यंत मांडून दाखविण्याची संधी शालेय विद्यार्थ्याला जवळजवळ याच एका प्रश्नात मिळते. पुढे महाविद्यालयातील प्रकल्पलेखन, कार्यालयातील टिपणी, ग्रामपंचायतीपुढील ठराव किंवा पाणीपुरवठ्याच्या तक्रारीचे निवेदन यांसाठी जे कौशल्य लागते, त्याची पहिली तालीम येथे होते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत निबंधाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका २५० गुणांची आहे, ही गोष्ट ग्रामीण भागातील पालकांनाही आता ठाऊक झाली आहे. परंतु त्या २५० गुणांची तयारी आठ गुणांच्या निबंधापासून सुरू होते, याकडे अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही.

उसनी नदी

शालेय निबंधांत 'नदीचे आत्मवृत्त' हा विषय पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. मार्गदर्शकातील ही नदी ठरलेल्या वाटेने वाहते. ती डोंगराच्या कुशीत जन्म घेते, खळाळत दरीत उतरते, काठावरील शेते पिकविते, घाटावरच्या मंदिरातील घंटानाद ऐकते, मध्येच मानवाने केलेल्या प्रदूषणाबद्दल अश्रू ढाळते आणि शेवटी सागराला मिळते. बोरिवलीचा विद्यार्थी ही नदी जशी लिहितो, तशीच ती मुलुंडचा आणि नांदेडचाही लिहितो.

बोरिवलीच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत मात्र एक विशेष गोष्ट आहे. त्याच्या गावातून खरोखरीच एक नदी वाहते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील तुळशी तलावाच्या परिसरात उगम पावणारी दहिसर नदी बोरिवली व दहिसर या भागांतून वाहत मनोरी खाडीकडे जाते. तिच्या दक्षिणेला उद्यानाच्या डोंगरांतून निघून कांदिवलीकडे येणारी पोईसर आहे, आरेच्या टेकड्यांतून येणारी ओशिवरा आहे, आणि विहार व पवई या तलावांच्या सांडव्याचे पाणी घेऊन मरोळ, कुर्ला या मार्गाने माहीमच्या खाडीस मिळणारी, सुमारे १८ किलोमीटर लांबीची मिठी आहे. म्हणजे उपनगरातील पुष्कळ विद्यार्थी शाळेत जाताना नदी ओलांडतात. ते तिला नाला म्हणतात, घरची मोठी माणसेही नाला म्हणतात, आणि निबंधाच्या वहीत मात्र घंटानाद ऐकणारी नदी उमटते.

यात विद्यार्थ्याचा आळस शोधणे अन्यायाचे होईल. छापील नदीला गुण मिळतात आणि पुलाखालची नदी लिहिली तर काय मिळेल याचा भरवसा नाही, एवढा व्यवहार चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला कळतो. परिणाम असा होतो की, जे डोळ्यांनी पाहिले ते लिहिण्यायोग्य नसते आणि जे लिहावयाचे ते पाहिलेले नसते, अशी त्याची समजूत होऊन बसते. अलीकडे भ्रमणध्वनीवर विषय टाकताच क्षणात निबंध तयार करून देणारी साधनेही उपलब्ध झाली आहेत. त्यांनी हा प्रश्न निर्माण केला असे म्हणता येणार नाही. त्यांनी मार्गदर्शकाची जागा घेतली, इतकेच.

एक शब्द, दोन परंपरा

'निबंध' हा शब्द जुना आहे. त्यात 'बंध' म्हणजे बांधणे आहे. संस्कृतात धर्मशास्त्रावरील विखुरलेली वचने एकत्र बांधणाऱ्या संग्रहांना निबंधग्रंथ म्हणत. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याचा 'चतुर्वर्गचिंतामणि' हा तेराव्या शतकातील ग्रंथ त्याच वर्गातला. आज शाळेत लिहिला जातो तो निबंध या परंपरेतून आलेला नाही. त्याचे मूळ युरोपात आहे. फ्रेंच लेखक मोंतेन याने १५८० मध्ये आपल्या लेखांना जे नाव दिले, त्याचा अर्थ प्रयत्न किंवा चाचपणी असा होतो. एखाद्या विषयाला भिडून पाहणे, आपल्याला त्याविषयी नेमके काय वाटते ते लिहिता लिहिता तपासणे, हा त्या शब्दाचा भाव. मराठीने नाव संस्कृतातून घेतले आणि वस्तू पश्चिमेकडून. त्यामुळे चांगल्या मराठी निबंधात दोन्ही गोष्टी याव्या लागतात. विचार तपासलेला असावा लागतो आणि मांडणी बांधलेली असावी लागते.

मुंबईत ही वस्तू रुजली ती शाळा-महाविद्यालयांच्या आवारात. १८४८ साली एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी व प्राध्यापकांनी सभा स्थापन केली, तिच्या मराठी शाखेत, म्हणजे ज्ञानप्रसारक सभेत, निबंध वाचले जात आणि त्यांवर चर्चा होई. दादोबा पांडुरंगांसारखा व्याकरणकार त्या सभेच्या अग्रभागी होता. १८५० पासून निघू लागलेल्या 'मराठी ज्ञानप्रसारक' मासिकात असे निबंध छापून येऊ लागले. पुढे १८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पुण्यात 'निबंधमाला' सुरू केली, तेव्हा ते सरकारी शाळेत शिक्षक होते. मालेचे ८४ अंक निघाले आणि मराठी गद्याला तिने नवे वळण दिले. परीक्षेच्या मार्गदर्शक पुस्तकांनाही 'निबंधमाला' हे नाव पुढे लावले गेले, ही गोष्ट चिपळूणकरांना कितपत रुचली असती, याचा तर्क वाचकांनीच करावा.

एका विद्यार्थिनीचा निबंध

शालेय निबंध काय करू शकतो, याचे महाराष्ट्रातील सर्वांत बोलके उदाहरण मात्र निबंधमालेच्याही १९ वर्षे आधीचे आहे. १८५५ च्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत 'ज्ञानोदय' या नियतकालिकात मांग व महार यांच्या दुःखाविषयीचा एक निबंध दोन भागांत प्रसिद्ध झाला. तो लिहिणारी मुक्ता साळवे ही जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणारी, अवघ्या चौदा वर्षांची मुलगी होती. शाळेत येऊन तिला फार वर्षे झालेली नव्हती.

या निबंधाकडे सामाजिक दस्तऐवज म्हणून पुष्कळदा पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे. शिक्षकांनी तो निबंधाचा नमुना म्हणूनही वाचावा. मुक्ता आरंभीच प्रतिपक्षाचे म्हणणे मांडते. वेद ब्राह्मणांचेच आहेत, इतरांना ते पाहण्याचाही अधिकार नाही, असे जर कोणी म्हणत असेल, तर आमच्यापाशी धर्माचे पुस्तकच नाही हे उघड झाले. मग आमचा धर्म कोणता, हे तरी कळू द्या, असा तिचा प्रश्न आहे. प्रतिपक्षाचे विधान नाकारण्याऐवजी ती ते मान्य करून त्याचा निष्कर्ष काढते, आणि तो निष्कर्षच प्रतिपक्षाला अडचणीत टाकतो. त्यानंतर ती पेशवाईतील अत्याचारांची उदाहरणे देते. पुढे आपल्या जातीतील स्त्रियांना बाळंतपणातही डोक्यावर छप्पर नसते याकडे लक्ष वेधते. पूर्वीच्या आणि स्वतःच्या काळातील स्थितीत पडलेला फरकही ती नोंदविते आणि अखेरीस आपल्याच बांधवांना शिकण्याचे आवाहन करते. हे लिहिताना तिच्यापुढे कोणतेही मार्गदर्शक असणे शक्य नव्हते, कारण या विषयावर तिच्या जागेवरून तोवर कोणी लिहिलेलेच नव्हते.

प्रश्न, पुरावा, स्वतःच्या अनुभवाची साक्ष आणि त्यांतून निघणारी मागणी, असा या निबंधाचा क्रम आहे. वैचारिक निबंधाला यापेक्षा वेगळे काही लागत नाही.

विषय वाचणे

निबंध बिघडतो तो बहुधा पहिल्या पाच मिनिटांत. 'प्रदूषण' हा विषय दिसला की पाठ केलेला परिच्छेद कागदावर उतरू लागतो आणि प्रश्नात नेमके काय विचारले आहे हे पाहावयाचे राहून जाते. 'उपनगरातील नद्यांचे प्रदूषण : जबाबदारी कोणाची?' या विषयात प्रदूषणाचे वर्णन मागितलेले नाही, जबाबदारी ठरविण्यास सांगितले आहे. महाविद्यालयीन प्रश्नपत्रिकेत तर क्रियापदातच उत्तराची दिशा असते. 'स्पष्ट करा' म्हटले की एखादी गोष्ट कशी घडते ते सांगावयाचे. 'चर्चा करा' म्हटले की एकाहून अधिक मते विचारात घ्यावयाची. 'मूल्यमापन करा' म्हटले की शेवटी स्वतःचा निर्णय देणे भाग असते. विषयातील प्रत्येक शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारून त्याने काय मागितले आहे ते समासात लिहावे, हा साधा उपाय वर्गात करून घेण्यासारखा आहे.

त्यानंतर करावयाचे काम म्हणजे निबंधाचे मुख्य विधान ठरविणे. हे विधान एका वाक्यात मावले पाहिजे आणि त्याच्याशी कोणाला तरी असहमत होता आले पाहिजे. 'नदी स्वच्छ ठेवणे आपले कर्तव्य आहे' या वाक्याला कोणीही हरकत घेणार नाही. म्हणून त्यावर निबंध उभा राहत नाही. याउलट 'नदीला नाला म्हणू लागल्यापासून उपनगरातील लोकांनी तिच्याकडे पाण्याचा मार्ग म्हणून पाहणे सोडले' हे वाक्य घ्यावे. यावर कोणी म्हणेल की, नावाने काय होते, सांडपाण्याची सोय नव्हती म्हणून नदीचा नाला झाला. म्हणजे येथे वाद आहे. जेथे वाद संभवतो तेथेच पुराव्याची गरज भासते, आणि पुरावा आला की निबंधाला हाडे येतात.

पाहणे आणि विचारणे

विद्यार्थ्याच्या मनात पुरावा आणि पुस्तक यांची सांगड इतकी घट्ट असते की, आपल्या आसपास पुरावा असू शकतो हे त्याला सुचत नाही. वर उल्लेखिलेल्या विधानासाठी बोरिवलीच्या विद्यार्थ्याला उद्यानाच्या बाजूला नदी कशी दिसते आणि वस्तीत शिरल्यावर कशी दिसते हे एकाच सुट्टीच्या दिवशी पाहता येईल. पाण्याचा रंग कोणत्या पुलाच्या पुढे बदलतो, काठावर काय काय आहे, पात्राची रुंदी कोठे कमी होते, हे त्याने वहीत टिपून घ्यावे. चाळीस-पन्नास वर्षे तेथे राहणाऱ्या आजी-आजोबांना, पूर्वी या पाण्याचा उपयोग कशासाठी होत असे, एवढाच एक प्रश्न विचारावा. मिळालेले उत्तर त्यांच्या नात्याचा व वयाचा उल्लेख करून निबंधात घेता येते. परीक्षेच्या दालनात हे सारे आठवेल का, अशी शंका शिक्षक काढतात. स्वतः पाहून टिपलेल्या गोष्टी पाठ केलेल्या परिच्छेदापेक्षा सहज आठवतात. मात्र त्यासाठी जून ते डिसेंबर या काळात असे चार-पाच निबंध तरी वर्गात झालेले असले पाहिजेत.

पुस्तकांची सोय उपनगरात अगदीच नाही असे नाही. पार्ल्याच्या लोकमान्य सेवा संघासारख्या, मुलुंडच्या महाराष्ट्र सेवा संघासारख्या जुन्या संस्थांनी ग्रंथालये जोपासली आहेत. जिल्ह्यांतून १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता मिळालेली गावोगावची ग्रंथालये आहेत. तेथे मुलांना निबंधासाठी संदर्भ पाहण्यास बसू द्यावे, एवढी सूचना एखाद्या पंचायत सदस्याने केली तरी उपयोग होईल.

आकड्याची जात

वैचारिक निबंधात आकडा आला की भारदस्तपणा येतो, अशी समजूत आहे. म्हणून विद्यार्थी आकडे पेरतात, आणि पुष्कळदा ते चुकीचे असतात. आकडा कसा वापरावा हे दाखविण्यास मुंबई उपनगरांच्या अलीकडील इतिहासातील एक उदाहरण पुरेसे आहे.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे वाक्य सर्वत्र आढळते. हा आकडा सांताक्रूझ येथील वेधशाळेत चोवीस तासांत नोंदविलेल्या पावसाचा आहे. त्याच कालावधीत कुलाब्याच्या वेधशाळेत सुमारे ७३ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. म्हणजे एकाच शहरात, एकाच दिवशी, पंचवीस किलोमीटरांच्या आतबाहेरच्या अंतरावर, एके ठिकाणी दुसऱ्याच्या बारापटीहून अधिक पाऊस झाला. ज्याने 'मुंबईत' असे लिहिले त्याने चूक केलीच, शिवाय या घटनेतील सर्वांत महत्त्वाची गोष्टही गमावली. ती गोष्ट अशी की, हे संकट प्रामुख्याने उपनगरांवर कोसळले, आणि तेही ज्या नद्यांना लोक नाले म्हणत होते त्यांच्या काठांवर. मिठीचे नाव अनेक मुंबईकरांना नदी म्हणून त्या दिवसानंतर कळले. शासनाने माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली आणि मिठी नदीच्या विकासासाठी व संरक्षणासाठी प्राधिकरण स्थापन झाले.

आकड्याबरोबर ठिकाण, कालावधी आणि मोजणारी यंत्रणा या गोष्टी लिहिण्याची सवय शाळेतच लागली, तर पुढे तालुक्याच्या अहवालात 'बहुसंख्य कुटुंबे', 'मोठ्या प्रमाणावर नुकसान' अशा शब्दांमागे दडून बसण्याची वेळ येणार नाही. आकडा ठाऊक नसेल तर तो टाळावा. अंदाजाने लिहिलेला आकडा तपासणाऱ्याच्या लक्षात आला, तर निबंधातील खऱ्या विधानांवरचाही त्याचा विश्वास उडतो.

दुसरी बाजू

निबंधात विरुद्ध मताला जागा द्यावी, असे मार्गदर्शकांतही सांगितलेले असते. प्रत्यक्षात ती जागा एका वाक्याची असते आणि ते वाक्य 'परंतु'ने संपविलेले असते. नदीच्याच विषयात पाहू. नदीकाठच्या झोपड्यांनी आणि तबेल्यांनी पात्र घाण केले, असे लिहून विद्यार्थी मोकळा होतो. उपनगरांतील पुष्कळ वर्गांत त्याच काठांवर राहणारी मुले बसलेली असतात, याचे भान तो निबंध तपासणाऱ्यालाही नेहमी असतेच असे नाही. काठावर राहावयास येणाऱ्या कुटुंबाला दुसरीकडे परवडणारे घर होते का, वस्तीला सांडपाण्याची वाहिनी मिळाली होती का, पात्रालगत पक्क्या इमारती आणि रस्ते कोणी उभारले, हे प्रश्न निबंधात यावयास हवेत. ते आल्यावर लेखकाचे मत बदलले नाही तरी चालेल. पण ते मत आता तपासून निघालेले असेल.

काठावर राहणाऱ्या विद्यार्थ्याने स्वतः लिहिले तर त्याच्या निबंधाला जी साक्ष मिळेल, ती इतरांना मिळणार नाही. २००५ च्या पुराच्या आठवणी त्याच्या घरात मोठ्या माणसांच्या तोंडी असतील. पाणी कोठवर चढले याची खूणही कदाचित एखाद्या भिंतीवर असेल. असा मजकूर 'शालेय निबंधाला शोभत नाही' म्हणून कापणारे शिक्षक आहेत. त्यांनी मुक्ता साळवेचा निबंध पुन्हा वाचावा.

बांधणी आणि भाषा

परिच्छेदांविषयी फार सांगण्याजोगे नाही. एका परिच्छेदात एकच मुद्दा असावा आणि पुढचा परिच्छेद मागच्यातून निघालेला असावा. मांडणी ठीक आहे का हे पाहण्यासाठी प्रत्येक परिच्छेदाचे पहिले वाक्य वेगळ्या कागदावर उतरून काढावे. ती वाक्ये सलग वाचून निबंधाचा धागा कळत असेल तर बांधणी जमली. दोन परिच्छेदांची अदलाबदल करूनही काहीच बिघडत नसेल, तर त्यांच्यामध्ये युक्तिवाद नसून नुसती यादी आहे असे समजावे.

आरंभ कवितेच्या ओळीने किंवा सुभाषिताने करण्याची प्रथा आहे. ती ओळ विषयाला पुढे नेत असेल तर उत्तमच. एरवी तीच ओळ परीक्षकाने त्या दिवशी पन्नास उत्तरपत्रिकांत वाचलेली असते. मुख्य विधानाकडे थेट नेणारे साधे वाक्य यापेक्षा अधिक उपयोगी ठरते.

औपचारिक निबंधाची भाषा संस्कृतप्रचुर असावी लागते, हा गैरसमज शिक्षित वर्गातच अधिक आहे. औपचारिकपणा शब्दांच्या वजनापेक्षा नेमकेपणात असतो. 'पर्यावरणाचा ऱ्हास होत असल्याचे विदारक चित्र दृष्टोत्पत्तीस येते' या वाक्यापेक्षा 'पोईसर नदीत आता गुडघाभर गाळ दिसतो' हे वाक्य अधिक सांगते, आणि त्यात अनौपचारिक असे काही नाही. तथापि लेखनाचे नियम पाळले पाहिजेत. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले व शासनाने १९६२ मध्ये स्वीकारलेले १४ आणि १९७२ मध्ये त्यांत पडलेली ४ नियमांची भर, असे एकूण १८ नियम शाळांमध्ये लागू आहेत. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहावा, ज्याचा उच्चार होत नाही तो अनुस्वार देऊ नये, एवढे दोन नियम पक्के झाले तरी निम्म्या चुका टळतात. बाकीच्यांसाठी कोश जवळ असावा.

बहुभाषिक वर्ग

उपनगरांची आणखी एक अडचण आहे, ती इतर जिल्ह्यांतील वाचकांना सहज लक्षात येणार नाही. घाटकोपर-मुलुंडच्या पट्ट्यात अनेक घरांची भाषा गुजराती आहे. अंधेरी-मालाड भागात हिंदी, उर्दू, तमिळ, कोकणी बोलणारी मुले एका बाकावर बसतात. बृहन्मुंबई महानगरपालिका मराठीसह आठ माध्यमांतून शाळा चालवीत आली आहे. २०२० च्या अधिनियमाने सर्व माध्यमांच्या शाळांत मराठीचे अध्यापन सक्तीचे झाले, त्यामुळे मराठी निबंध लिहिणाऱ्यांत मराठी ज्यांच्या घरात बोलली जात नाही अशी मुलेही आता मोठ्या संख्येने आहेत. या मुलांना पाठांतराचा मोह अधिक होतो, कारण एकेक वाक्य जुळविण्यातच त्यांची शक्ती खर्ची पडते.

त्यांच्यासाठी विचार आणि भाषा ही दोन कामे वेगळी करणे सोयीचे ठरते. प्रथम मुद्दे कोणत्याही भाषेत, अगदी गुजरातीत किंवा हिंदीतही, टिपून घ्यावेत. क्रम लावून झाला की मग ते मराठीत, आठ-दहा शब्दांच्या लहान वाक्यांत लिहावेत. लहान वाक्यांचा निबंध कमी दर्जाचा असतो असे मानण्याचे कारण नाही. विद्यार्थ्याने घरच्या भाषेतील एखादा नेमका शब्द वापरला तर तो चूक म्हणून गोल करण्यापूर्वी त्याला मराठीत तितकाच नेमका शब्द आहे का, हे शिक्षकाने पाहावे. नसेल, तर तो शब्द राहू द्यावा.

वही तपासताना

एका वर्गात पन्नास-साठ विद्यार्थी असतात आणि एका शिक्षकाकडे असे तीन-चार वर्ग. एका निबंधाला पाच मिनिटे म्हटली तरी साठ वह्यांना पाच तास लागतात. हा भार लक्षात न घेता शिक्षकांना सल्ला देण्यात अर्थ नाही. तांबड्या शाईने प्रत्येक ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करणे हे या पाच मिनिटांत होणारे काम आहे, म्हणूनच ते होते. विचार तपासण्याचे काम राहून जाते.

काही शिक्षक वेगळी वाटणी करतात. शुद्धलेखनाची पहिली फेरी विद्यार्थ्यांनीच एकमेकांच्या वह्या पाहून करावयाची. शिक्षकाने निबंध एकदा सलग वाचावा, मुख्य विधान ज्या वाक्यात असेल त्याखाली एक रेघ मारावी, आणि असे वाक्य सापडले नाही तर समासात तेवढीच नोंद करावी. ज्या ठिकाणी पुरावा हवा होता पण दिला नाही, तेथे 'कशावरून?' असे लिहावे. 'छान', 'सुधारणा हवी' अशा शेऱ्यांनी विद्यार्थ्याला पुढे काय करावयाचे ते कळत नाही. 'गाळ कोणत्या महिन्यात पाहिलास?' या प्रश्नाने कळते. असा एक प्रश्न लिहिण्यास अर्धे मिनिट पुरते. मात्र त्याचे उत्तर विद्यार्थ्याने पुढच्या आठवड्यात त्याच निबंधाखाली लिहावयाचे आहे, हे वर्गाला आधीच सांगून ठेवावे, आणि त्यासाठी प्रत्येक निबंधानंतर वहीची अर्धी पाने कोरी सोडावयास लावावीत.